एका झटक्यात की टप्प्याटप्प्यानं?

बोनस हातात आलाय, गाडीची विशलिस्ट तयार आहे... मग सगळं एकदम करून टाकायचं की एकेक करत जायचं? आम्हाला उत्तर मिळालं ते जालन्यात! एका गॅरेजमध्ये, एका मोसंबीच्या बागेत आणि रात्री अंगणात रंगलेल्या गप्पांत.

तुमच्याही ग्रुपमध्ये असा एक जण असणारच. ऑफिसच्या लंच ब्रेकमध्ये तो पोळीभाजीपेक्षा टर्बोबद्दल जास्त बोलतो. सिग्नलला शेजारी कुठली गाडी उभी आहे हे त्याला नुसत्या आवाजावरून कळतं. आणि अप्रेझलचं लेटर हातात पडल्या पडल्या घराच्या डाउन पेमेंटऐवजी त्याला आठवतात ते अलॉय व्हील्स.

आमच्या घरातला तो नमुना म्हणजे माझा मामेभाऊ. वय 26, नोकरी हिंजवडीत, मूळ गाव जालना. त्याला आपण बंधुराज म्हणू. नाव छापलं तर मामी मला घरात घेणार नाही!

बंधुराजांकडे एक टर्बो पेट्रोल हॅचबॅक आहे. छान, आज्ञाधारक गाडी. या वर्षी बोनस झाला आणि बंधुराजांनी दोन वर्षं जपून ठेवलेली यादी बाहेर काढली. इंजिनाच्या कॉम्प्युटरचं रिमॅपिंग, नवा एअर इनटेक, मोठ्या व्यासाचा डाउनपाइप आणि एक्झॉस्ट, गाडी खाली बसवणाऱ्या लोअरिंग स्प्रिंग्ज, मोठे अलॉय आणि त्यावर रुंद टायर. एकूण बिल दीड लाखाच्या आसपास. गाडी शुक्रवारी संध्याकाळी पुण्यातल्या एका गॅरेजला दिली आणि सोमवारी सकाळी घेतली. एका वीकेंडमध्ये नवीन गाडी! फंडा एकदम क्लिअर होता, ‘‘ताई, करायचं तर एकदाच. रोज रोज कोण गॅरेजला जाणार?’’

मला यात काही चुकीचं वाटलं नाही, हे प्रामाणिकपणे सांगते. आपण फ्लॅटचं इंटेरिअरही एकदमच करतो की!

निघालो समृद्धीनं

पुढच्याच शनिवारी आम्ही जालन्याला निघालो. निमित्त मामा-मामींना आणि आजीला भेटायचं, आणि रविवारी सगळ्यांनी मिळून राजूरच्या गणपतीला जायचं. खरं निमित्त म्हणजे गाडी दाखवायची! शिवाय एक व्यावहारिक कामही होतं. गाडीचे काढलेले जुने सुटे भाग ठेवायला बंधुराजांच्या वन बीएचकेमध्ये जागा नव्हती. म्हणून मागची सीट दुमडून त्यावर जुनी चार चाकं, स्प्रिंग्ज, जुना डाउनपाइप, एअर बॉक्स असा सगळा संसार रचला होता. मामांच्या शेडमध्ये नेऊन टाकायला. मागे दोन दणकट माणसं बसावीत एवढं वजन सहज झालं असेल. हे वजन लक्षात ठेवा, पुढे ते कामाला येणार आहे.

संभाजीनगरहून जालना साठेक किलोमीटर. नेहमीचा जालना रोड सरळ आहे, पण बंधुराजांना टेस्ट घ्यायची होती. म्हणून मुद्दाम वाकडी वाट करून आम्ही सावंगीला समृद्धी महामार्गावर चढलो.

हा रस्ता पहिल्यांदा बघणाऱ्याला जाम भारी वाटतो. सहा पदरी काँक्रीट, दोन्ही बाजूंना मराठवाड्याची काळी माती, मध्येच एखादी उघडी टेकडी आणि वर भलंमोठं आभाळ. सिग्नल नाही, फाटा नाही, टपरी नाही. कारला ताशी 120 किलोमीटरची मर्यादा. बंधुराज मर्यादेत होते, याची साक्ष मी देते. मी काट्याकडेच बघत होते!

आणि गंमत बघा, ज्या रस्त्यावर आम्ही ‘सगळं एकदम’ केलेली गाडी पळवत होतो, तो रस्ता स्वतः टप्प्याटप्प्यानं उघडलाय. 701 किलोमीटरच्या या महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा 520 किलोमीटरचा पहिला टप्पा 11 डिसेंबर 2022 ला सुरू झाला. मे 2023 मध्ये शिर्डी ते भरवीरचे 80 किलोमीटर जोडले गेले, मार्च 2024 मध्ये इगतपुरीपर्यंतचे 25, आणि 5 जून 2025 ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा 76 किलोमीटरचा तुकडा. अडीच वर्षं, चार टप्पे. हे सांगितल्यावर बंधुराज म्हणाले, ‘‘सरकारी काम आहे ताई ते. माझी गाडी तीन दिवसांत झाली.’’

हे वाक्य संपतं न संपतं तोच डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. चेक इंजिन.

गाडीनं एक हलकासा झटका दिला, मग दुसरा. वेग कमी करून डाव्या लेननं जात राहिलो. एका मोरीवरून गाडी किंचित खाली बसली आणि मागून ‘खर्रर्र’ असा आवाज आला. मग रबर जळल्याचा वास. जालन्याच्या इंटरचेंजला बाहेर पडलो, टोलच्या पुढे सुरक्षित जागा बघून थांबलो. बंधुराज मोबाइलचा टॉर्च घेऊन मागच्या चाकाशी वाकले आणि काही वेळ काहीच बोलले नाहीत.

मागच्या डाव्या टायरच्या खांद्यावर एक गोल, चकचकीत चर पडली होती. बोटाचं नख आत जाईल एवढी.

समृद्धीवर टायर फुटणं ही काय चीज आहे, हे वेगळं सांगायला नको. हा रस्ता सुरू झाल्यापासून तिथल्या अपघातांच्या बातम्यांत टायरचा विषय वारंवार आलाय. मागे सामानाऐवजी आजी आणि मामी असत्या तर? हा प्रश्न आम्ही दोघांनीही मोठ्यानं विचारला नाही. पण पुढचे काही किलोमीटर गाडीत म्युझिक बंद होतं, आणि काटा 40 च्या वर गेला नाही.

चाचांचं गॅरेज

जालना शहरात शिरताना आधी दिसतात ते ट्रक. मागे लोखंडी सळ्यांची शेपटी बाहेर आलेली, टोकाला लाल फडकं बांधलेलं. हे स्टीलचं गाव आहे. एमआयडीसीत भट्ट्या आणि रोलिंग मिल्स, मोंढ्यात धान्य, आणि त्यात भर म्हणजे बियाणं. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये ‘महिको’ इथंच सुरू केली, आणि 1998 मध्ये त्यांना वर्ल्ड फूड प्राइझ मिळालं. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण इथला प्रत्येक रिक्षावाला ऐकवतो.

मामांच्या ओळखीचं गॅरेज जुन्या भागात. मालकांना सगळं गाव चाचा म्हणतं. साठीचे असतील. एका हातात चहाची कटिंग, दुसऱ्या हातात चक्क स्कॅनर. मला वाटलं होतं, ते पुण्याच्या फॅन्सी कामाला नावं ठेवतील. पण नाही. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, बॉनेट उघडलं आणि विचारलं, ‘‘क्या क्या बदला?’’

बंधुराजांनी यादी वाचली.

‘‘और कब कब?’’

‘‘एकदमच. मागच्या वीकेंडला.’’

चाचा हसले. ‘‘मग भाऊ, मी कुणाला पकडू? घरात पाच पाहुणे एकाच दिवशी आले, आणि चमचा गेला!’’

मला तिथंच मुद्दा कळला. स्कॅनर सांगत होता, इंधन-हवेचं मिश्रण ‘लीन’ आहे. म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतंय. पेट्रोल इंजिनात साधारण 14.7 भाग हवेला 1 भाग पेट्रोल हे पूर्ण ज्वलनाचं प्रमाण. ते बिघडवू शकणाऱ्या तीन गोष्टी एकाच दिवशी बदललेल्या. रिमॅप म्हणजे पेट्रोल किती सोडायचं याचे आकडेच नवे. इनटेक म्हणजे हवेचा रस्ता नवा. डाउनपाइप म्हणजे धुराचा रस्ता नवा, आणि धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर तिथंच बसलेला. तीन संशयित, एक गुन्हा, आणि पुराव्याला आधीचं काहीच नाही. एकच गोष्ट बदलली असती तर दिवा लागल्या लागल्या बोट तिच्याकडे गेलं असतं.

टायरचंही तेच. स्प्रिंग्जनी गाडी खाली आली. टायर रुंद झाला. दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या कदाचित चालून गेल्या असत्या. दोन्ही एकत्र आल्यावर चाक आणि मडगार्डची आतली कड यांच्यातलं अंतर संपलं. रिकाम्या गाडीत ते कळलं नाही. मागे वजन पडलं, खड्ड्यात गाडी दबली, आणि टायर घासला.

चाचांनी निकाल दिला. आपण उलटं जायचं. एक वस्तू काढायची, जुनी लावायची, गाडी फिरवून आणायची. मग दुसरी. आणि टायर-स्प्रिंग आत्ताच्या आत्ता जुन्या, त्यात चर्चा नाही. जुने सुटे भाग मागच्या सीटवर होतेच. वन बीएचके असण्याचा फायदा आयुष्यात पहिल्यांदा झाला!

एका ओळीवर करून बघ

संध्याकाळी जुनी चाकं, जुन्या स्प्रिंग्ज आणि जुना एअर बॉक्स लावून टेस्ट ड्राइव्हला निघालो. चाचांनी सांगितलं होतं, दहा-पंधरा किलोमीटर फिरवा. मामा म्हणाले, मग बागेतच चला. मामांची मोसंबीची बाग अंबड रोडला आहे. जालन्याच्या मोसंबीला 2016 मध्ये जीआय मानांकन मिळालंय, आणि मामा ते आल्यागेल्याला ऐकवतात.

बागेच्या वळणावर पिवळा दिवा पुन्हा लागला. म्हणजे इनटेक निर्दोष. एक संशयित सुटला. बंधुराजांचा चेहरा पडला, पण मला मात्र हे चक्क प्रगती वाटलं.

मामा बांधावर बसले. गाडीबद्दल एक शब्द बोलले नाहीत. झाडांकडे बोट करून म्हणाले, ‘‘मागं एका वर्षी मी बी असंच केलतं. खत नवीन टाकलं, ताण द्यायची पद्धत बदलली, वर फवारणी बी दुसरी घेतली. समदं एका हंगामात. आन् फळगळ अशी झाली की काही इचारू नको. कशामुळं झाली? आजपर्यंत कळलं नाही.’’

ताण म्हणजे झाडाचं पाणी काही काळ तोडायचं, म्हणजे पुढे ते बहरावर येतं. मोसंबीत हे नाजूक काम. ताण कमी-जास्त झाला तरी गळ होते, खत चुकलं तरी होते, रोगानंही होते. तिन्ही बदलल्यावर दोष कुणाला द्यायचा?

‘‘मंग आता?’’ मी विचारलं.

‘‘आता काय, एका ओळीवर करून बघायचं. एकच गोष्ट. शेजारची ओळ आहे तशीच ठिवायची. फरक पडला तर डोळ्यानं दिसतो. हंगाम लागतो एक, पण कळतं.’’

बंधुराज मोबाइलमधून डोकं वर काढून म्हणाले, ‘‘ए/बी टेस्टिंग!’’ रोज ऑफिसमध्ये हा माणूस वेबसाइटच्या एका बटणाचा रंग बदलताना हेच करतो. एका वेळी एकच बदल, बाकी सगळं तसंच ठेवून. कोडमध्ये दहा बदल एकदम रिलीज केले तर टीम लीड त्याला फाडून खाईल. मग स्वतःच्या गाडीवर, जिच्यात स्वतः बसायचंय तिच्यावर, दहा बदल एकदम कसे चालले? उत्तर आपल्या सगळ्यांना माहीत आहे. बोनस एकदम आला होता ना!

सळई एका झटक्यात होत नाही

रात्री जेवणं झाल्यावर अंगणात शेजारचे काका आले. आयुष्य रोलिंग मिलमध्ये गेलेलं. त्यांच्याकडून मला कळलं, आपल्या बिल्डिंगमधली सळई कशी होते. भंगार भट्टीत वितळवतात, त्याचे चौकोनी बिलेट ओततात. हे बिलेट लालबुंद तापवून रोलर्सच्या जोड्यांमधून नेतात. एका जोडीत थोडं बारीक, पुढच्या जोडीत आणखी थोडं. असं करत करत हातभर लांब सळई हवी तेवढ्या जाडीची होते... असं मी म्हणाले, तर काका हसले. ‘‘हातभर नाही बाई, धावत सुटते ती!’’

‘‘मग एकाच जोडीत का नाही दाबत? वेळ वाचेल,’’ बंधुराजांनी विचारलं. कशासाठी विचारलं हे सगळ्यांना कळलं.

काका म्हणाले, ‘‘एकदम जास्त दाबायला गेलं तर रोलर माल आत घेतच नाहीत. नुसते घसरतात. आन् जबरदस्तीनं घातला तर माल चिरतो, नाहीतर रोलर जातो.’’ मग जरा थांबून पुढे म्हणाले, ‘‘पण एक आहे. शेवटी पाणी मारायचं असतं सळईवर, बाहेरची कातडी कडक करायला. ते मात्र मिलमधून निघाल्या निघाल्या, गरम असतानाच. ते उद्या करू म्हणून चालत नाही. आतली गरमी बाहेर येऊन कातडीला चिवट करते, तेव्हा टीएमटी होते.’’

मला हे फारच आवडलं. म्हणजे टप्पे पाडायचे, पण कुठंही नाही. काही गोष्टी एकमेकींच्या हातात हात घालूनच करायच्या असतात.

मग एकदम कधी?

हीच गाडीतली खरी मेख आहे. सगळं एकदम करणाऱ्यांची बाजू अगदीच लंगडी नाही. चार वेळा गाडी उघडायची तर मजुरी चार वेळा. स्प्रिंग्ज बदलल्या की व्हील अलाइनमेंट करावंच लागतं. आज स्प्रिंग, पुढच्या महिन्यात शॉक अ‍ॅब्सॉर्बर असं केलं तर तेच काम आणि तेच पैसे दोनदा. क्लच बदलायला गिअरबॉक्स उतरवलाय, तर फ्लायव्हील तेव्हाच बघून घ्यायचं. आणि रिमॅप हा तर हार्डवेअरसाठी शिवलेला शर्ट. आधी रिमॅप केला आणि मग मोठा डाउनपाइप लावला, तर माप पुन्हा घ्यायला हवं.

ट्यूनिंगच्या दुनियेत ‘स्टेज 1, स्टेज 2, स्टेज 3’ हे शब्द त्यातूनच आलेत. ढोबळमानानं स्टेज 1 म्हणजे गाडी आहे तशी ठेवून फक्त रिमॅप. स्टेज 2 म्हणजे इनटेक, डाउनपाइप वगैरे, आणि त्यांच्या मापाचा रिमॅप. स्टेज 3 म्हणजे टर्बोच मोठा. बघा, शब्दच टप्प्यांचा आहे! आमच्या बंधुराजांनी दुकानातून थेट स्टेज 2 उचलला आणि वर चाकं-स्प्रिंग्जची टॉपिंग्ज घातली.

म्हणून प्रश्न ‘एकदम की एकेक’ हा नाहीच. प्रश्न आहे, कशाबरोबर काय जातं? जे एकमेकांवर अवलंबून आहे त्याचा एक गट करायचा आणि तो एकदम करायचा. दोन गटांच्या मध्ये मात्र गाडी रोजच्यासारखी चालवायची. हजार-दोन हजार किलोमीटर. ऑफिसला, घाटात, भरलेली, रिकामी, पावसात. गाडी काय म्हणते ते ऐकायचं. मग पुढचा गट.

आणि क्रम? तो तर सगळ्यात महत्त्वाचा. इथं मला पुन्हा समृद्धी आठवला. तो टप्प्यांत उघडला, पण पहिल्या टप्प्यात वेग आधी आला आणि थांबायच्या, खायच्या, पेट्रोल भरायच्या सोयी मागून. सुरुवातीच्या महिन्यांत त्यावरून किती ओरड झाली होती! गाडीतही आपण तेच करतो. आधी पॉवर, मग कधीतरी ब्रेक.

साधं गणित बघा. ताशी 80 वरून थांबायला ब्रेकला जेवढी ऊर्जा गिळावी लागते, त्याच्या सव्वादोन पट 120 वरून थांबताना लागते. वेग दीडपट, काम सव्वादोन पट. 120 ला गाडी एका सेकंदात 33 मीटर जाते, म्हणजे तुम्ही दचकून ब्रेकवर पाय ठेवेपर्यंत एक अख्खी सोसायटी मागे पडलेली असते. आणि हे सगळं जमिनीला चिकटलेल्या चार तळहातांएवढ्या रबरावर!

म्हणून क्रम जमिनीपासून वर. आधी टायर, मग ब्रेक, मग सस्पेन्शन, आणि इंजिन सगळ्यात शेवटी. इंजिनाला हात लावण्यापूर्वी गिअरबॉक्सची ऐपत विचारायची. उदाहरणच द्यायचं तर फोक्सवॅगन-स्कोडाचा सात गिअरचा ड्राय क्लच डीएसजी 250 न्यूटन मीटर टॉर्कपर्यंतच्या इंजिनांसाठी बनवलाय, आणि त्यांच्या 1.5 टीएसआय इंजिनाचा कंपनीनं दिलेला टॉर्कच 250 आहे. त्यावर रिमॅप करून आणखी चढवायचं म्हणजे भरलेल्या लिफ्टमध्ये अजून चार जणांनी घुसायचं.

कायद्याचंही ऐकून ठेवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीनं ठरवलेल्या मूळ वैशिष्ट्यांत मनाप्रमाणे फेरफार करता येत नाहीत, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ते स्पष्ट केलंय. विमा कंपनीला न सांगता केलेला बदल क्लेमच्या वेळी नडू शकतो, वॉरंटी तर जातेच. बंधुराजांच्या नव्या डाउनपाइपमध्ये धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच नव्हता. हे त्यांना त्या बिलावर दिसलं नव्हतं, कारण यादी इतकी लांब होती की एकेक ओळ कोण वाचतंय! एकदम करण्याचा हा आणखी एक तोटा. माणूस प्रत्येक गोष्टीवर वेगळा विचार करत नाही. पॅकेज आवडलं, की आतलं सगळंच आवडतं.

रविवार सकाळ

गाडी रात्रभर चाचांकडेच होती. ‘‘ठंडी होने दो, सुबह बोलेगी,’’ असं त्यांनी सांगितलं होतं. सकाळी सातला आम्ही हजर. चाचांनी गार इंजिन सुरू केलं आणि खाली वाकून कान दिला. टिक-टिक-टिक... घड्याळासारखा बारीक आवाज. इंजिन जसं तापत गेलं तसा तो विरत गेला. मग गाडी बंद करून टॉर्च मारला. टर्बो आणि नव्या डाउनपाइपच्या जोडावर काजळीचा काळा डाग.

गॅस्केट नीट बसलं नव्हतं. जोडातून धूर बाहेर जात होता आणि थोडी बाहेरची हवा आत. ती हवा सेन्सरला दिसत होती, आणि तो बिचारा कॉम्प्युटरला सांगत होता, ‘हवा जास्त आहे, पेट्रोल वाढव.’ कॉम्प्युटर पेट्रोल वाढवत होता. रोग एकीकडे, लक्षण दुसरीकडे. दीड लाखाच्या कामाला अडवणारी वस्तू होती काही शे रुपयांची.

चाचांनी नवं गॅस्केट घालून कंपनीचा जुना डाउनपाइप परत चढवला. दिवा घालवला. अर्ध्या तासाची चक्कर मारली. पिवळा दिवा नाही, झटका नाही. शिल्लक राहिला तो फक्त रिमॅप, आणि तोही पुण्याला गेल्यावर मूळ गाडीच्या मापाचा करून घ्यायचं ठरलं. तोपर्यंत अ‍ॅक्सिलरेटरवर हलका पाय.

पैसे देताना बंधुराजांनी विचारलं, ‘‘चाचा, पुन्हा लावू का हे सगळं?’’

चाचा म्हणाले, ‘‘लगाओ ना! मी कुठं नको म्हणालो? एक लावा, महिन्यानं मला फोन करा. मग दुसरं.’’

दुपारी आम्ही राजूरला गेलो. पाच जण, मागे आजी, मामी आणि मी. गाडी मूळ उंचीवर, मूळ चाकांवर. रस्त्यात गतिरोधक आले, एक-दोन वाईट खड्डेही आले. प्रत्येक खड्ड्याला बंधुराज आरशात मागे बघायचे. आजीला वाटलं, तिला त्रास होतोय का ते बघतोय. ती म्हणाली, ‘‘मस्त चालिवतोस रे.’’

देवळाच्या पायऱ्यांवर बसून त्यांनी मोबाइलमधली ती जुनी यादी उघडली. सगळं डिलीट करतील असं मला वाटलं. नाही केलं. फक्त ओळी वर-खाली केल्या. ‘टायर’ पहिल्या नंबरवर आणलं, त्याच्या खाली ‘ब्रेक फ्लुइड, पॅड’. मग ‘स्प्रिंग + शॉक + अलाइनमेंट’ एकाच ओळीत. ‘रिमॅप’ शेवटी. आणि प्रत्येक ओळीपुढे एक तारीख टाकली.

शेवटची तारीख पुढच्या वर्षीच्या बोनसनंतरची होती.

तुम्हीही निघताय?

• निघण्यापूर्वी टायर: हवा टायर गार असतानाच तपासा. टायरच्या कडेवर डॉट कोडच्या शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. इतका जुना टायर असेल तर आधी टायरवाल्याकडे, मग समृद्धीवर.

• वेगाचं अक्षर: टायरच्या मापानंतर शेवटी असतं. टी म्हणजे ताशी 190, एच म्हणजे 210, व्ही म्हणजे 240 पर्यंत. कंपनीनं दिलेल्यापेक्षा खालचं अक्षर घेऊ नका. ही टायरची क्षमता आहे, तुमचं टार्गेट नाही!

• स्वस्तातला पहिला अपग्रेड: ब्रेक फ्लुइड. ते हवेतलं पाणी शोषतं आणि मग लवकर उकळतं. डॉट 4 प्रतीचं ताजं फ्लुइड किमान 230 अंश सेल्सिअसपर्यंत तग धरतं, पाणी मुरलेल्या फ्लुइडसाठी हीच मर्यादा 155 वर येते. साधारण दर दोन वर्षांनी बदला.

• अलॉय मोठे करताय? गाडी पूर्ण भरून, म्हणजे पाच माणसं आणि सामान घेऊन, गतिरोधकावरून हळू नेऊन बघा. घासतंय का ते तेव्हाच कळतं.

• जुने सुटे भाग विकू नका: किमान वर्षभर तरी. जागा नसेल तर मामांना विचारा.

• कसं जाल: संभाजीनगरहून जालना रस्त्यानं साठेक किलोमीटर. समृद्धीवरून निधोन्याजवळच्या जालना इंटरचेंजला बाहेर पडायचं. गाडी नकोच असेल तर मुंबईहून जालन्याला वंदे भारत 30 डिसेंबर 2023 ला सुरू झाली.

• काय बघाल: राजूरचा गणपती, अंबडची मत्स्योदरी देवी, समर्थ रामदासांचं जन्मगाव जांब. आणि मोसंबीच्या हंगामात गेलात तर रस्त्याकडेच्या ढिगाशी गाडी थांबवाच. एक घेऊन चाखा, आवडली तर मग पोतं. टप्प्याटप्प्यानं!